शेठ, आवाज कधी येतो?

शनिवारी सकाळी मुंबईहून कर्जतला येणाऱ्या गाड्या गप्प असतात. रविवारी दुपारनंतर त्या बोलायला लागतात. मधल्या काळात त्यांच्यावर काही मोठं संकट कोसळलेलं नसतं. फार्महाऊसचा शेवटचा दोन-चार किलोमीटरचा रस्ता, जो जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ एवढ्यावर उरकलेला असतो, तो त्यांनी एकदा जाताना आणि एकदा येताना ओलांडलेला असतो, इतकंच. पण चारफाट्यावर पोचेपर्यंत गाडी चालवणाऱ्याचा चेहरा पालटलेला असतो. काच खाली, मान बाहेर, गाणी बंद आणि शेजारी बोलणाऱ्या बायकोला डाव्या हाताने ‘थांब, थांब’ अशी खूण. हा माणूस आता कुठे वळणार हे आम्हा कर्जतकरांना लांबूनच कळतं.

तो वळतो तिथे गॅरेजबाहेर जुन्या टायरांचा ढीग आहे आणि त्या ढिगावर बसायची मुभा मला मिस्त्रीने दिलेली आहे. मिस्त्री जुन्या ओळखीतला. तो काम शिकायला लागला तेव्हा फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा आणि थंडीच्या दिवसांत चोक ओढल्याशिवाय गाडीला जाग येत नसे. आता गाडीत संगणक असतो. मिस्त्री त्याला वायरने एक डबी जोडतो आणि डबीच्या पडद्यावर बिघाडाचे आकडे उमटतात. पण संगणकाला कळतं ते सेन्सर जिथे बसवलाय तिथलंच. लोअर आर्मचं रबरी बुश फाटलं, लिंक रॉड सैल झाला, तर त्याला पत्ताही नसतो. तिथे अजून कानच लागतो. आणि मिस्त्रीचा कान लागायच्या आधी गिऱ्हाइकाचं तोंड लागतं.

गिऱ्हाईक आवाज काढून दाखवतं, हा या धंद्यातला सगळ्यात प्रेक्षणीय भाग. हुद्दा जितका मोठा तितकी सुरुवातीची लाज जास्त. बँकेतले मोठे साहेब आधी ‘पुढून थोडा नॉइज येतोय’ एवढंच म्हणतात. मिस्त्री नुसता बघत राहतो. मग साहेब इकडेतिकडे पाहतात, ओठांचा चंबू करतात आणि ‘घुंऽऽऽऊं’ करतात. एकदा भीड चेपली की मग त्यांना आवरणं कठीण. खड्ड्यातला आवाज वेगळा, वळणावरचा वेगळा, ‘आणि हा ब्रेक मारल्यावरचा’ म्हणून शेवटी दातावर दात दाबून एक लांबलचक किंकाळी. पोऱ्या हातातला पान्हा तसाच धरून उभा. कंप्युटरवाली तरुण मंडळी जास्त नेमकी असतात. ‘चाळीस ते पंचेचाळीसच्या मध्ये, थर्ड गिअर, कुर्र-टक, कुर्र-टक. टक नंतर येतं, आधी नाही.’ एक डॉक्टर आले होते. त्यांनी गाडीला ‘चढावर दम लागतो’ असं सांगितलं आणि कधीपासून लागतो, सकाळी जास्त लागतो का, हे सगळं कुणी न विचारता क्रमाने सांगून टाकलं. मिस्त्री त्यांच्यावर फार खूश झाला. का, ते पुढे येईल.

नवरा-बायको दोघं असतील तर प्रयोग रंगतो, कारण दोघांच्या कानांनी एकच गाडी ऐकलेली नसते.

‘खडखड येतंय हो, डाव्या बाजूने.’

‘खडखड नाही, खुडखुड. आणि मागून येतंय.’

‘तू मोबाइल बघत होतीस.’

‘डोळ्यांनी बघत होते. कानांना काय काम होतं?’

मागच्या सीटवरून आजी म्हणतात, ‘मला तर पायाखाली किर्र किर्र लागतंय मघापासून, पण माझं कोण ऐकतंय.’ (आजींचं खरंच कोणी ऐकत नाही. पण मागच्या चाकाच्या सगळ्यात जवळ त्याच बसलेल्या असतात, आणि मिस्त्री हे विसरत नाही.)

या सगळ्यांचं बोलून झालं की मिस्त्री हात पुसत पुढे येतो.

‘शेठ, कसा येतो ते राहू द्या. कधी येतो ते सांगा.’

इथे प्रयोग थांबतो. दहा मिनिटं मन लावून नकला केलेला माणूस गोंधळतो. ‘कधी म्हणजे... येतोच की अधूनमधून.’ आवाज कसा, यावर माणसं तासभर भांडतील. तो कधी येतो, याकडे मात्र कुणाचं लक्षच नसतं. आणि मिस्त्रीला तेवढंच हवं असतं. कसा, ते ऐकणाऱ्याच्या कानावर ठरतं. कधी, ते गाडीवर ठरतं.

सकाळी पहिल्यांदा चालू करताना चीं करून ओरडतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो? पट्टा. आमच्याकडे जूनपासून पुढचे चार महिने हवेतच पाणी असतं, तेव्हा पहाटे निम्मा गाव याच पट्ट्यांच्या ओरडण्याने जागा होतो. क्लच दाबला की येतो आणि सोडला की जातो? क्लचचं बेअरिंग. आणि उलटं असेल, म्हणजे गाडी न्यूट्रलला उभी असताना घरघर आणि क्लच दाबला की शांत, तर मग गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. असं उत्तर आलं की मिस्त्री पोऱ्याला चहा सांगतो, कारण आता बोलणं लांबणार असतं.

ब्रेकची किंचाळी मला या सगळ्यात जास्त आवडते, कारण ती कारखान्यानेच आत बसवून दिलेली असते. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती जीभ डिस्कला घासते आणि ओरडते. बिघाडाच्या शेकडो आवाजांत हा एकच असा, की तो यावा म्हणून कुणीतरी पगार घेऊन डोकं चालवलं आहे. आणि आमची माणसं काय करतात? गाण्याचा आवाज वाढवतात. मग काही दिवसांनी किंचाळी आपोआप बंद होते, घरात सगळ्यांना बरं वाटतं, आणि तिच्या जागी जाड ‘खर्रर्र’ सुरू होतं. म्हणजे आता लोखंडावर लोखंड. जे काम पॅडच्या किमतीत झालं असतं ते आता डिस्कच्या किमतीत.

‘कधी’चं उत्तर गिऱ्हाइकाला देता आलं नाही तरी रस्त्याला देता येतं. या बाबतीत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांसारखी सोय महाराष्ट्रात दुसरीकडे नसेल. मोठ्या वर्कशॉपमध्ये म्हणे गाडी यंत्रावर चढवून हलवून बघतात. आमच्या मिस्त्रीला त्याची गरज नाही. वीसेक किलोमीटरच्या टापूत त्याच्याकडे खड्डा आहे, वळण आहे, घाट आहे आणि सिमेंटचा द्रुतगती मार्गही आहे. प्रत्येक दुखण्याला एक रस्ता ठरलेला.

निघण्यापूर्वी तो गाडीतल्या चार गोष्टी बंद करतो. गाणी, एसीचा पंखा, रस्ता सांगणारी मोबाइलमधली बाई आणि गिऱ्हाइकाचं बोलणं. चौथ्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणखी एक गंमत. मिस्त्री स्टिअरिंगवर बसला की आवाज येतच नाही, अशी तक्रार सगळ्या महाराष्ट्रात आहे आणि लोक त्यामागे काहीतरी गूढ आहे असं मानतात. कारण साधं आहे. आवाज आला तेव्हा गाडीत पाच माणसं, दोन बॅगा आणि इथून घेतलेलं तांदळाचं पोतं होतं. दाखवायला मात्र शेठ एकटे आलेले असतात. स्प्रिंग मोकळे, तर आवाज कुठून येणार? म्हणून वजन लागतं. तेवढ्यासाठी मला टायरांवरून उठवून मागच्या सीटवर बसवतात. आमच्या घरच्यांना अजून वाटतं की मिस्त्री माझा सल्ला घेतो.

पहिला नंबर खड्ड्यांचा. पावसाळा सरता सरता आमच्या आतल्या रस्त्यांवर ते हवे त्या मापात मिळतात. मिस्त्री आधी गाडी गतिरोधकावरून सरळ नेतो, दोन्ही चाकं एकदम वर, एकदम खाली. गप्प. मग एकच चाक मुद्दाम खड्ड्यात घालतो. टक. लिंक रॉड. दोन्ही चाकं एकत्र हलली तर त्या दांड्याला काम नसतं. एक वर आणि एक खाली गेलं की त्याला ताण बसतो आणि सैल सांधा वाजतो. शेठना हे पटतं, पण आपल्याच गाडीचं चाक मुद्दाम खड्ड्यात घातलेलं बघवत नाही. ते तेवढा वेळ डोळे मिटून घेतात.

मग एखादं मोकळं मैदान बघून स्टिअरिंग टोकापर्यंत वळवायचं आणि ॲक्सिलरेटर देत गाडी गोल फिरवायची. टक-टक-टक-टक, वेग वाढवला की भराभर, तर चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याच्यावरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस बाहेर जातं, आमची लाल माती आत जाते. क्रिकेट खेळणारी पोरं या कार्यक्रमाला सरावलेली आहेत. ती बॅट खाली ठेवून बाजूला होतात आणि मिस्त्रीच्या आधी निकाल देतात. ‘काका, जॉइंट गेला!’

इंजिनाची शंका असेल तर पळसदरीवरून खोपोली आणि तिथून जुन्या रस्त्याने बोरघाट. हा रस्ता १८३० सालचा. इंग्रजांना घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली असं सांगतात. त्याचं देऊळ चढावर आहे आणि आजही ट्रकवाले तिथे हात जोडतात, नाणं टाकतात. बहुतेक गाड्या बोलायला लागतात त्याही याच चढणीला. मागे माणसं, एसी चालू आणि ‘ओढतेय की, गिअर कशाला बदलायचा’ म्हणून गाडी चौथ्यातच. इंजिनाचे फेरे कमी, ओझं जास्त. पेट्रोलचं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आधी आपल्याच दाबाने पेटतं आणि आतून किणकिण-ठणठण सुरू होते. शेठ घाबरे होतात, ‘हाच! हाच आवाज!’ मिस्त्री गिअर खाली टाकतो. आवाज बंद. पुन्हा वर टाकतो. चालू. पुन्हा खाली. बंद. तो तोंडाने काही म्हणत नाही. शेठ पैशाचं विचारतात तेव्हा मात्र म्हणतो, ‘गाडीचे काही नाहीत. तुमच्या डाव्या हाताचे काय द्यायचे ते द्या.’

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं मात्र द्रुतगती मार्ग पुरवतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हापासून सिमेंटचा. डांबरावरून गाडी त्याच्यावर चढली की टायरांचा सूर एकदम चढतो, घूंऽऽ होतं आणि नव्या गाडीवाल्याच्या पोटात खड्डा पडतो. खालापूरचा टोलनाका येईपर्यंत त्याने चाकाचं बेअरिंग गेल्याचं घरी फोन करून सांगितलेलं असतं. बेअरिंग गेल्यावरही घूंच येतं, हा खरा घोळ. मिस्त्रीची युक्ती अशी की मागेपुढे रस्ता मोकळा बघून लेनमध्येच गाडी हलकेच उजवी-डावी डोलवायची. उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घूं वाढलं आणि डावीकडे वळवल्यावर कमी झालं, तर डावं बेअरिंग. काहीच फरक पडला नाही आणि डांबर लागताच सूर उतरला, तर टायर आणि सिमेंट यांचं ते आपसातलं बोलणं आहे, आपण मध्ये पडू नये. हे सगळं ताशी शंभरच्या आत ऐकून घ्यावं लागतं. वर गेलात तर कॅमेरा ऐकतो.

कर्जतकरांना हा कान आला कुठून, असं विचाराल तर माझं बोट स्टेशनाकडे जाईल. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली. चढण ३७ फुटांना एक फूट. या चढणीसाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला आमच्याकडे मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. जोडताना बसणाऱ्या धक्क्याने परगावच्या माणसाचा बटाटेवडा हातातून सुटतो. आमचा सुटत नाही, कारण आम्ही तो धक्का आधी ऐकलेला असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत वंदे भारत सुरू झाली, ती बँकरशिवाय घाट चढते. गाव त्या दिवसापासून थोडं नाराजच आहे.

पूर्वी रेल्वेत चाकं ठोकत जाणारा माणूसही असायचा. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तो डब्याडब्याने चालत जायचा, प्रत्येक चाकावर एक ठोका. चाक धड असेल तर खणकन वाजायचं, तडा गेला असेल तर बद्द. आता तपासणीची नवी यंत्रं आली, तरी मोठ्या स्थानकांत गाडी शिरताना रुळांच्या दोन्ही बाजूंना उकिडवे बसलेले कर्मचारी दिसतात. प्रवाशांना वाटतं, विसावा घेत बसलेत. ते प्रत्येक चाक बघत आणि ऐकत असतात. एखादं चाक एका जागी घासून सपाट झालं असेल तर ते फेऱ्यागणिक धप धप वाजतं.

डॉक्टरांनी ही विद्या आमच्या मिस्त्रीच्या बऱ्याच आधी हस्तगत केली, हे कबूल करायला हवं. ऑस्ट्रियातला लिओपोल्ड आउएनब्रुगर खानावळवाल्याचा मुलगा. बापाच्या पिंपांवर टिचक्या मारून दारू कुठपर्यंत उरली ते बघायची त्या घरात रीत होती असं सांगतात. डॉक्टर झाल्यावर त्याने तीच टिचकी रोग्याच्या छातीवर मारली आणि १७६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १८१६ मध्ये लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने एका तरुणीच्या छातीला कान लावणं बरं दिसणार नाही म्हणून कागदाची सुरळी करून तिच्यातून ऐकलं. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. आमच्या मिस्त्रीला संकोच नाही, पण चालू इंजिनाला कान लावला तर कान पट्ट्यात जाईल. म्हणून तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. पोलादातून आवाज हवेतल्यापेक्षा पंधरा पट वेगाने धावतो. पंपावर टेकवला की पंप ऐकू येतो, अल्टरनेटरवर टेकवला की अल्टरनेटर. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधीची कळा. अशा वेळी शेठ हळूच विचारतात, ‘काय म्हणतंय?’ आणि मिस्त्री दुसरा हात वर करून त्यांना थोपवतो.

पोलादाच्या याच गुणामुळे गाडीत आवाज जिथे जन्मतो तिथे सापडत नाही. मागच्या शॉकपचा आवाज सांगाड्यातून पळत येऊन डॅशबोर्डखाली वाजतो. मग शेठ डॅशबोर्ड उघडायला सांगतात. डॅशबोर्ड एकदा उघडला की गाडी नव्याने खुळखुळायला लागते, हा वेगळा विषय.

हल्ली नवं संकट व्हॉट्सॲपचं आहे. माणसं आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. फोन बनवणाऱ्यांनी त्यात अशी हुशारी घातली आहे की बोलणाऱ्याचा आवाज ठेवायचा आणि मागची घरघर पुसायची. परिणामी मिस्त्रीला जे मिळतं त्यात शेठचं ‘ऐका हं, आता येईल, आला, ऐकलात?’ एवढं स्वच्छ ऐकू येतं आणि मध्ये शांतता. रात्री जेवताना तो हे संदेश लावतो. त्याची धाकटी मुलगी आता न बघता सांगते की हे ठाण्याचे काका आणि हे डोंबिवलीचे.

आता खोट्या आवाजांबद्दल. खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकाला नव्या गाड्या पूजेला येतात. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. ही नवी गाडीवाली मंडळी जगातली सगळ्यात तिखट कानाची. त्यांना गाडी बंद केल्यावर खालून टिक टिक ऐकू येते. (तापलेला सायलेन्सर थंड होताना आक्रसतो.) उभ्या गाडीतला पंखा आपोआप फिरतो. (फिरू दे.) ब्रेक मारल्यावर मागे पाणी हिंदकळतं. (टाकी अर्धी आहे, तुमचंच पेट्रोल आहे.) पट्टा न लावता लोंबकळत ठेवलेलं बक्कल दाराच्या प्लास्टिकवर टकटकतं, स्टेपनीच्या खोबणीत जॅक सैल असतो, आणि सीटखालची पाण्याची बाटली वळणावळणाला इकडून तिकडे लोळते. मिस्त्री तपासणी नेहमी इथून सुरू करतो. एकदा गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेऊन अर्धा तास खालून ठोकून झाल्यावर आवाज आजींच्या पिशवीतल्या अडकित्त्याचा निघाला होता. आजींनी तो खुशाल मान्य केला. ‘मी म्हटलंच होतं, माझ्या पायाखाली आहे.’

या सगळ्यात राजा म्हणजे दगड. फार्महाऊसच्या रस्त्यावरचा बारीक खडा उडून ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये अडकतो आणि चाक फिरलं की अशी किंकाळी फुटते की रस्त्यावरची म्हैससुद्धा वळून बघते. शेठ गाडी जागच्या जागी थांबवतात, टोइंगला फोन करतात. मिस्त्री येतो, गाडी दहा फूट मागे घेतो, परत पुढे, परत मागे. खडा टपकन खाली पडतो. पैसे घ्यायचे किती, या पेचात तो अजूनही पडतो. कमी घ्यावे तर एवढ्या लांबून आलो, जास्त घ्यावे तर खडा समोर पडलेला.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की आवाज म्हणजे संकट. मिस्त्रीचं मत वेगळं आहे आणि इतकी वर्षं टायरांवर बसून माझंही तेच झालं आहे. आवाज करणारी गाडी निदान सांगते तरी. बोरघाटात जे खरं भयंकर घडतं ते बहुधा मुकाट्याने घडतं. उतारावर सारखा ब्रेक दाबत आलेल्या गाडीचे ब्रेक तापून धरेनासे होतात. तेव्हा चीं नाही, खर्र नाही, पायाखालचा पेडल नुसता मऊ लागतो. ब्रेकचं तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. त्याआधी येतो तो वास. म्हणून घाटात मिस्त्री कान सोडून नाकावर येतो. जळका वास ब्रेकचा की क्लचप्लेटचा, हे तो काच खाली न करता सांगतो. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे ट्रक, ते तर सगळ्यात शांत. इंजिन धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर, आणि अवजड धूड सुळकन खाली येतं. घाटातल्या कितीतरी अपघातांचं मूळ या शांततेत आहे. मागून गुरगुरत, दुसऱ्या गिअरला रडतखडत उतरणारा ट्रक आला तर त्याला मनातून रामराम करावा. तो शहाणा आहे.

शांततेचा एक निरुपद्रवी प्रकारही आमच्याच तालुक्यात आहे. माथेरानला गाड्या जात नाहीत. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पाय, घोडा, १९०७ पासून चालणारी छोटी रेल्वे, नाहीतर अलीकडच्या ई-रिक्षा. दोन दिवस टापांशिवाय काही ऐकायचं नाही. या दोन दिवसांत कान इतका धुऊन निघतो की दस्तुरीला परत येऊन किल्ली फिरवल्यावर माणूस दचकतो. गाडी गेल्या शुक्रवारी वाजत होती तशीच वाजत असते. पण आता टॅपेटची टिकटिक, सायलेन्सरच्या पत्र्याची थरथर, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. नेरळपर्यंतचा उतार अशी माणसं श्वास रोखून उतरतात. आमच्या मिस्त्रीचं त्यांच्याबद्दलचं मत असं, की यांना दोन दिवस दादरला नेऊन सोडावं, गाडी आपोआप दुरुस्त होईल.

विजेवरच्या गाड्या आल्यावर या धंद्याचं काय होणार, अशी काळजी मीच मिस्त्रीच्या वतीने करत होतो. युरोपात तर त्या इतक्या गप्प निघाल्या की पायी चालणाऱ्यांसाठी हळू वेगात त्यांना मुद्दाम आवाज बसवायचा कायदा करावा लागला. २०२१ पासून तिथल्या प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला तो आहे. पण झालं भलतंच. इंजिन गप्प झाल्यावर त्याच्याखाली इतकी वर्षं दबलेलं सगळं वर आलं. बुश, सीटचा सांधा, दाराचं रबर, वारा, टायर. विजेची गाडी घेतलेले शेठ पूर्वीपेक्षा जास्त वेळा येतात आणि त्यांच्या नकलाही आता फार नाजूक असतात. परवा एकाने नुसता श्वास सोडून दाखवला.

त्याच संध्याकाळी, बँकेतले साहेब आपल्या गाडीची तिसरी नक्कल करत होते तेव्हा, कडावकडून एक भाजीचा पिकअप आला. हा गडी आमच्याच बाजूचा, आणि त्याचा पिकअप तो येण्याआधी दोन वळणं ऐकू येतो. पाटे, फाळका, साखळ्या, पत्रे, कशाला काही विचारायची सोय नाही. त्या दिवशी मात्र तो समोर उभा राहीपर्यंत आम्हाला कळलं नव्हतं.

‘मिस्त्री, आवाज बंद झालाय,’ तो उतरता उतरता म्हणाला. चेहरा पांढरा.

मिस्त्रीने साहेबांना मधल्या किंकाळीवर सोडलं आणि थेट पिकअपखाली पाठीवर सरकला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. मग आतून प्रश्न आला.

‘कुठनं बंद झाला?’

‘पुलापासून. पुलाच्या अलीकडे खडखडत होता, मला चांगलं आठवतं.’

मिस्त्री बाहेर आला. हातात साखळीचा तुटका तुकडा होता, ज्याला सकाळपर्यंत स्टेपनी टांगलेली होती.

‘मग पुलाच्या अलीकडे बघ. आणि पळ, भंगारवाला त्याच रस्त्याने येतो.’